काजळीचं वजन

देवास नाक्याच्या मागे, टायरवाल्याला लागून
आमचं शटर. पाटीवर अजून बाबांचीच अक्षरं :
लघाटे डिझेल. पंप, नोझल, खात्रीचं काम.
खाली मी गेल्या दिवाळीत रंगवून घेतलं, जरा बारीक :
फिल्टर भाजून, साफ करून मिळतील.
'भाजून' वाचून लोक हसतात.
एकानं विचारलं, भुट्टे पण देता का?

फिल्टर म्हणजे एक जाड नळकांडं.
आत मातीची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी,
एक भोक उघडं, शेजारचं बुजवलेलं,
धुरानं भिंतीतूनच गाळून जावं म्हणून.
गाडीतून उतरवला की आधी काट्यावर.
चौदा किलो तीनशे दहा.
रात्रभर भट्टीत, सहाशेवर. सकाळी उलटा हवेचा दाब.
पुन्हा काटा. चौदा किलो एकशे नव्वद.
वहीत लिहिते : एकशे वीस ग्रॅम.
दोन प्लेट पोह्यांवर पडते तेवढी शेव.
फक्त काळी.

बाबा अकराला येतात, खुर्ची ओढून बसतात.
छत्तीस वर्षं ते धूर वाचत आले.
काळा, म्हणजे तेल जास्त, हवा कमी.
निळा, रिंगा गेल्या.
पांढरा सुटत असेल तर पाणी शिरलंय, हेड उघडा.
आईचा चेहरा त्यांना कधी इतका वाचता आला नाही.
आता नवा ट्रक आला की मागे जाऊन उभे राहतात,
सायलेन्सरपुढे रुमाल धरतात, "दे रेस" म्हणतात,
मग रुमाल उलटा करून बघतात.
तसाच. इस्त्रीची घडीसुद्धा तशीच.
"हा बोलतच नाही," म्हणतात,
कोमातल्या नातेवाइकाबद्दल म्हणावं तसं.

भेरूलाल परवा आला. सहा चाकी, पिथमपूरचा माल.
यूरियाची टाकी कोरडी, मीटरवर दिवा,
गाडी चाळीसच्या वर उठेना.
"दीदी, ती डबी बसवून द्या ना.
सेन्सरला सांगते, सगळं ठीक आहे."

मला माहीत आहे ती डबी.
काडेपेटीहून थोडी मोठी, चार वायरी.
भट्टीचा पहिला हप्ता थकला त्या वर्षी
मी अकरा बसवल्या.
वहीत नाहीत त्या.
एकाच्या मागे मोर रंगवलेला होता, शेपूट अर्धीच,
बाकीची डाल्यावर राहिली असेल.
तो अजून दिसतो कधीकधी बायपासवर, राऊच्या बाजूला.
मी स्कूटर मागे ठेवते आणि बघत राहते.
दिसत काहीच नाही.
ज्याच्यासाठी यूरिया असतो त्या वायूला रंग नाही,
बाबांनाही तो वाचता आला नसता.

भेरूलालला नाही म्हटलं.
"मग लोहामंडीत बसवेन," तो म्हणाला,
चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः विसळला, गेला.
चौकात कुठे वळला ते कळलं नाही,
मधे टेम्पो आडवा आला.

जळून जाते ती काजळी.
जळत नाही ती राख, करडी, पावडरीसारखी हलकी.
ती मी ड्रममध्ये भरते, झाकणाला चिकटपट्टी.
न्यायला येतो तोही डिझेलचाच, जुना,
बाबा त्याचं दुरून स्वागत करतात :
"याचं नोझल गळतंय!"
आणि खोकतात, बराच वेळ,
खुर्चीचा हात धरून.

डॉक्टरांनी त्यांना फुंकायची नळी दिली आहे घरी,
आत सरकणारा लाल काटा.
जमतील तेवढे तीन जोर, सर्वांत मोठा आकडा लिहायचा.
कागद सापडला नसेल.
आज वही उघडली तर माझ्या रकान्यांत,
गाडी नंबरच्या जागी त्यांचं अक्षर :
लघाटे, मॉडेल त्रेपन्न.
आधी : दोनशे दहा.
नंतर :

मी खोडलं नाही.
खालच्या ओळीत पुढचा फिल्टर लिहिला.
तेरा किलो नऊशे चाळीस.